तापीकाठची राने : ऱ्हासाची कारणे आणि जमिनीचा बदलता उपयोग

रान कोणी संपवले, असा प्रश्न सुरतच्या बाजारपेठेत विचारला असता बहुधा एकच उत्तर मिळते : आदिवासींनी. कुऱ्हाड त्यांच्या खांद्यावर दिसते, मोळी त्यांच्या डोक्यावर दिसते, डोंगरउतारावरची नागलीची शेतेही त्यांचीच असतात. तेव्हा जे डोळ्यांना दिसते तेच कारण मानण्याचा मोह होतो. आपल्या पाळकांच्या व प्रचारकांच्या बोलण्यातही हे उत्तर कधीकधी सहज येऊन जाते. ज्या मंडळीपुढे ते उच्चारले जाते ती मंडळी मात्र बव्हंशी गामीत, मावची, कोकणा, वारली व भिल्ल कुटुंबांचीच असते. एखाद्या समाजावर त्याच्याच उपासनामंदिरात असा ठपका ठेवण्यापूर्वी तो खरा आहे की नाही हे पाहणे आपले कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम भूमीविषयी. आज आपण ज्यांस सुरत, तापी, नवसारी, वलसाड व डांग जिल्हे म्हणतो तो सारा टापू निसर्गतः एक आहे. समुद्राकडची खारी जमीन, मधली काळी कसदार सपाटी आणि पूर्वेस सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या पायथ्याचे डोंगराळ रान, असे त्याचे तीन पट्टे पडतात. इंग्रजी अमलात सुरत जिल्ह्याची गावे आणि बडोदे संस्थानाची गावे येथे एकमेकांत गुंतलेली होती; सोनगड, व्यारा, महुवा हे महाल गायकवाडांचे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी आपले ठाणे केले ते ह्याच सोनगडच्या रानात. सपाटीच्या महालांस ‘रास्ती’ आणि रानाच्या महालांस ‘रानी’ म्हणत. १९६० साली द्वैभाषिक राज्य मोडले तेव्हा पश्चिम खानदेशातील कित्येक गावे सुरत जिल्ह्यास जोडली गेली, आणि आजचे उच्छल व निझर हे तालुके त्यांतून घडले. डांग महाराष्ट्रात असावा की गुजरातेत, हा वाद तर त्यापूर्वी दहा वर्षे गाजत होता. त्याचा शेवट डांग गुजरातेकडे जाण्यात झाला. १९६४ साली वलसाड आणि २००७ साली तापी हे जिल्हे सुरतेपासून वेगळे झाले. जुने कागद वाचताना हा फरक ध्यानी ठेवावा लागतो, नाहीतर एकाच गावाची हकिगत दोन जिल्ह्यांच्या नावे दोनदा मोजली जाते.

रानी महालांतील जुनी शेती फिरती होती. रानाचा एक तुकडा निवडावयाचा, झाडांच्या फांद्या छाटून वाळू द्यावयाच्या, पावसापूर्वी जाळावयाच्या आणि राखेत नागली किंवा वरई पेरावयाची. दोन-तीन पिकांनंतर तो तुकडा सोडून पुढे जावयाचे. सोडलेल्या जागी खोडांना धुमारे फुटत आणि काही वर्षांनी पुन्हा रान उभे राही. ही पद्धत टिकण्यास दोन गोष्टी आवश्यक होत्या : वस्ती विरळ असणे, आणि पुढे जाण्यास मोकळी जमीन असणे. साग हे तर उजेड मागणारे आणि आगीचा मारा बऱ्यापैकी सोसणारे झाड आहे. जेथे शेकडो वर्षे जाळ होत आला तेथेच उत्तम सागवान मिळाले, ह्यात म्हणूनच आश्चर्य नाही. अर्थात ह्या जुन्या काळास एदेन बाग समजण्याचे कारण नाही. डांगचे भिल्ल राजे व नाईक सपाटीवरच्या गावांवर धाडी घालत, उपासमार नित्याची होती, हिवताप तर घरचाच. सांगावयाचे ते इतकेच की ह्या शेतीने रान बदलले, पण संपवले नाही.

रान संपू लागले ते सागाला बाहेर किंमत आल्यावर. सुरत हे जहाजबांधणीचे जुने केंद्र. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचेच कारागीर. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईस नेले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत इंग्रज आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. युरोपातील ओक अपुरा पडू लागला तशी सागाची मागणी वाढली. गोदीस लागणारे पुष्कळसे लाकूड मलबारातून येई हे खरे, परंतु उत्तरेकडील रानांवरही कंपनीचा डोळा होता. १८३० साली जेम्स औट्रम ह्याने डांगमध्ये फौज घालून भिल्ल राजांना नमविले आणि १८४२ साली तेथील लाकडाचे हक्क कंपनीने वार्षिक रकमेच्या मोबदल्यात भाडेपट्ट्याने घेतले. राजांचे राज्य राहिले, झाडे मात्र गेली. त्या रकमेची आठवण म्हणून आजही आहवा येथे दरवर्षी डांग दरबार भरतो आणि गाढवी, आमाळा, लिंगा, पिंपरी व वासुर्णा येथील राजवंशीयांस सरकारी मानधन दिले जाते. वृत्तपत्रे त्यास एक रंगीत सोहळा म्हणून छापतात. मुळात तो एका लाकूडतोडीच्या कराराचा हप्ता आहे.

मग आगगाडी आली. मुंबई आणि सुरत १८६० नंतरच्या दशकात लोहमार्गाने जोडल्या गेल्या, सुरतेहून खानदेशाकडे जाणारा तापी खोऱ्याचा मार्ग शतक संपताना तयार झाला, आणि बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत बडोदे सरकारने अरुंद रूळ टाकला. लोहमार्ग रानाचे दोन प्रकारे नुकसान करतो. रुळांखाली लाकडी स्लीपर लागतात, ही एक गोष्ट. दुसरी अधिक दूरगामी : ज्या डोंगरातले लाकूड पूर्वी बैलगाडीच्या किंवा नदीच्या पुराच्या भरवशावर होते, ते आता वखारीपर्यंत निश्चित दिवशी पोहोचू लागते. वघईस रूळ पोहोचला आणि डांग मुंबईच्या बाजारास लागून आला.

येथे पवित्र शास्त्राच्या वाचकास शलमोनाची आठवण होईल. मंदिरासाठी लबानोनचे गंधसरू तोडण्यास त्याने तीस हजार माणसे वेठीस धरली आणि दरमहा दहा हजारांची पाळी लावली, ही हकिगत १ राजे ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. आपण ती मंदिराच्या वैभवाची कथा म्हणून शिकवतो. वेठीला गेलेल्या माणसाच्या घरून ती कशी दिसली असेल, हा प्रश्न डांगच्या प्रचारकास विचारण्याचा अधिकार आहे. कारण वनखात्याच्या कूपांवर वेठबिगार करणारे आजोबा ह्या भागातील कित्येक कुटुंबांच्या स्मरणात आहेत.

राज्यकर्त्यांना ऱ्हास दिसत नव्हता असे मात्र नाही. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन ह्यांची नेमणूक झाली. वृक्षतोडीमुळे झरे आटतात व पाऊस घटतो अशी चिंता ते व्यक्त करीत. त्या चिंतेतून आणि लाकडाच्या गरजेतून १८६५ चा व नंतर १८७८ चा वनकायदा आला. दुसऱ्या कायद्याने रानाचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग केले. राखीव रानात जे स्पष्टपणे दिले आहे तेवढेच करता येई. बाकी सारे गुन्हा. भातरोपांच्या वाफ्यांवर जाळण्यासाठी फांद्या छाटणे, ज्यास ‘राब’ म्हणतात, त्यावरही बंधने आली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशी मंडळ नेमावे लागले.

ह्या कायद्याचा शेतीवर जो परिणाम झाला तो नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. फिरणाऱ्या शेतकऱ्यास आता ठराविक तुकड्यावर बांधले गेले. पडीक ठेवण्यास जागा नाही, राखेस फांद्या नाहीत, आणि तुकडा उताराचा. दरवर्षी तीच जमीन नांगरल्याने माती वाहून गेली व कस उतरला. पीक घटले की माणूस रानाच्या हद्दीआड चार हात पुढे सरके. आज ज्यास ‘आदिवासींची विध्वंसक शेती’ म्हणतात ती पुष्कळ अंशी ह्या बंदिस्तीने घडविलेली आहे. कायद्याने आधी फिरणे थांबविले, आणि मग एका जागी राहून जमीन खराब केली म्हणून त्याच माणसास दोष दिला.

त्याच १८७८ साली मुंबई इलाख्यात नवा आबकारी कायदाही झाला. घरची मोहाची दारू आणि ताडी ह्यांवर मक्ता बसला, आणि मक्तेदाराच्या पिठ्यावर उधारी सुरू झाली. उधारीपायी सपाटीची चांगली शेते सावकारांच्या व पिठेवाल्यांच्या हाती गेली, आणि मूळ मालक त्याच शेतावर अर्धेलीने राबू लागला किंवा डोंगराकडे सरकला. १९०१ साली मुंबई सरकारने अशा जमिनींच्या विक्रीवर निर्बंध घालण्याची तरतूद केली. तोवर बऱ्याच जमिनी गेल्या होत्या. १९२२-२३ साली समुद्रकाठाकडून उठलेले देवीचे आंदोलन डांगमार्गे सुरत जिल्ह्यात पसरले. दारू सोडा, मांस सोडा, पिठेवाल्याकडे व दारू विकणाऱ्या जमीनदाराकडे कामास जाऊ नका, अशी देवीची आज्ञा अंगात आलेल्यांच्या मुखातून सांगितली जाई. आपल्याकडील काही लेखकांनी ह्यास अंधश्रद्धा म्हणून सोडून दिले आहे. माझ्या मते तो कर्जाच्या मुळावर घातलेला घाव होता, आणि तो जमिनीच्याच प्रश्नातून निघाला होता.

जमिनीचा उपयोग बाजार कसा बदलतो ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण रानात नसून पारडीस सापडते. पारडी तालुका त्या काळी सुरत जिल्ह्यातच होता. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना गवत लागे, आणि लोहमार्गाने ते रोज पोहोचवता येई. जमीनदारांच्या ध्यानी आले की धान्यापेक्षा गवत बरे : नांगरणी नाही, मजूर फक्त कापणीपुरते, आणि पैसा रोख. पुढे १९४८ चा कूळकायदा आला. कसणाऱ्यास हक्क मिळणार म्हटल्यावर जमीन कसूच न देणे हा सोपा मार्ग उरला, कारण गवताळ जमिनीवर कूळ नसते. एकेकाळी भात व नागली पिकविणारी हजारो एकर जमीन अशी गवताखाली गेली आणि तिच्यावर पोट भरणारी आदिवासी कुटुंबे वर्षातील दोन-तीन महिन्यांच्या गवतकापणीवर येऊन पडली. १९५३ साली ईश्वरभाई देसाई व त्यांचे समाजवादी सहकारी ह्यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी त्या गवताळ जमिनींत धान्य पिकविण्याचा सत्याग्रह आरंभिला. तो चौदा वर्षे चालला. १९६७ मध्ये सरकारच्या मध्यस्थीने तडजोड होऊन काही जमीन शेतीस खुली झाली. एकही झाड न तोडता भूमीचा उपयोग कसा पालटतो आणि पालटल्यावर भूक कोठे जाते, हे येथे दिसते. भूक रानाकडे जाते. मोळी विकण्यास भांडवल लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर लाकूडतोडीचे काम कंत्राटदारांकडून काढून आदिवासींच्या जंगल कामदार सहकारी मंडळ्यांकडे देण्याचे धोरण मुंबई राज्याने स्वीकारले. सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने १९३९ च्या सुमारास आदिवासींच्या पिळवणुकीविषयी जो अहवाल दिला होता त्याचे हे फळ. मजुरी सुधारली, वेठ गेली. तोड मात्र चालूच राहिली. नफा कोणाकडे जावा हे बदलले, किती झाडे पडावीत हे बदलले नाही. १९६० नंतरच्या दशकात सोनगडजवळ कागदाच्या लगद्याची गिरणी निघाली आणि बांबूची भूक उत्पन्न झाली. बांबूवर जगणारे ह्या भागातील कोटवाळिया टोपल्या व सुपे विणतात. एका घरास वर्षभर लागणारा बांबू आणि गिरणीस दिवसाकाठी लागणारा बांबू ह्यांची तुलना करण्याची गरज नाही.

आता पाण्याकडे वळू. तापीवर काकरापार येथे १९५४ च्या सुमारास बंधारा झाला आणि १९६४ ते १९७२ ह्या काळात उकाईचे मोठे धरण उभे राहिले. उकाईच्या जलाशयाने पाचशे चौरस किलोमीटरहून अधिक भूमी व्यापली. दीडशेहून अधिक गावे उठली. त्यांतील काही महाराष्ट्रातील, तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील. नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली, रानही गेले, आणि उठलेल्यांपैकी पुष्कळांचे पुनर्वसन उरलेले रान साफ करून त्या जागी करण्यात आले. म्हणजे एकाच धरणाने रान दोनदा खर्ची पडले. दुसऱ्या वेळेस कुऱ्हाड धरणारा हात विस्थापिताचा होता एवढेच.

ते पाणी गेले कोठे? बारडोली, कामरेज, पलसाणा, चोऱ्यासी ह्या सपाटीच्या तालुक्यांत. १९२८ च्या सत्याग्रहाने प्रसिद्ध झालेली बारडोली त्या वेळी कपाशी व ज्वारीची होती. कालव्यानंतर ती उसाची झाली. १९५० नंतरच्या दशकात बारडोलीस सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्यामागून आणखी कारखाने आले. उसाच्या तोडणीस मात्र स्थानिक हळपती मजूर पुरेसा घेतला गेला नाही. माणसे आणली गेली ती खानदेशातून व डांगमधून. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात ह्या तोडणी मजुरांचा जो अभ्यास केला तो आपल्यापैकी प्रत्येकाने वाचण्याजोगा आहे. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि दिवाळीच्या आसपास निघालेले बिऱ्हाड उन्हाळ्यात परतते. नवापूर, साक्री, अक्कलकुव्याकडील मंडळ्यांच्या पाळकांस हे सांगावयास नको. नाताळच्या उपासनेस निम्मी बाके रिकामी असतात ती ह्यामुळेच. डोंगरावरील रान गेले, जमीन निकस झाली, पाणी खाली गेले, आणि पाण्यामागून माणूसही खाली गेला, असा हा एकच प्रवाह आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला तेव्हा ‘रान तोडल्याचा हा परिणाम’ असे अनेक व्यासपीठांवरून सांगितले गेले. उघडे डोंगर गाळ देतात आणि पाणी लवकर खाली सोडतात, हे खरेच. परंतु त्या पुराचे तात्कालिक कारण वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टी व उकाईतून सोडलेले पाणी हे होते, आणि पूरक्षेत्रात वाढलेल्या वस्तीने हानी वाढविली. प्रवचनात एका कारणाने सारे उलगडते. नदीच्या खोऱ्यात तसे होत नाही.

दुसरे असे की ‘वन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. सरकारी दप्तरातील वन म्हणजे वनखात्याच्या नावे असलेली जमीन. तिच्यावर झाड असो वा नसो. उपग्रहातून मोजले जाते ते झाडांचे छत्र. त्यात फळबागाही येतात. म्हणून एका वर्षी रान वाढले व दुसऱ्या वर्षी घटले असे आकडे वाचून आनंद किंवा शोक करण्यापूर्वी कोणते वन मोजले ते पाहावे. डांगचा बहुतेक भाग आजही वृक्षाच्छादित आहे. सपाटीच्या तालुक्यांत जे हरपले ते परत येणारे नाही.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन अन्य कामास देण्यास केंद्राची संमती आवश्यक केली, आणि १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी तोडीवर कडक मर्यादा आल्या. तोड मंदावली, पण पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस कागदोपत्री अतिक्रमकच राहिला. ती चूक सुधारण्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून अनुसूचित जमातीचे कुटुंब जी वनजमीन स्वतः कसत आहे, तिच्यावर चार हेक्टरांच्या मर्यादेत त्याचा हक्क मान्य व्हावयाचा आहे. दावा ग्रामसभेपुढे करावयाचा, मग उपविभागीय व जिल्हा समिती तो पाहतात.

येथे पाळकाचे व प्रचारकाचे काम प्रत्यक्ष सुरू होते, कारण पाड्यात अर्ज लिहू शकणारा तो पुष्कळदा एकटाच असतो. नियमांनुसार एकाहून अधिक पुरावे लागतात. परंतु सारे सरकारी कागदच हवेत असे नाही. विहिरी, बांध, जुनी घरे, दफनभूमी, पवित्र स्थाने, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथन, हे सारे ग्राह्य आहे. जुन्या मिशन काळापासूनची आपली दफनभूमी कोठे आहे व तिच्यात कोणत्या कुटुंबाचे कोण विसावले आहेत, हे मंडळीच्या वहीत असते. बाप्तिस्म्याच्या नोंदींतही गावाचे नाव असते. त्या वह्या वाळवीपासून जपणे हे आता केवळ मंडळीच्या इतिहासाचे काम राहिलेले नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळला गेला असेल, तर २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ते छायाचित्र अन्य पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये अशा फेटाळलेल्या दाव्यांचा फेरविचार करण्यास सांगितले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांस जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला होता. त्याच महिन्यात त्यास स्थगिती मिळाली.

निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास साठ दिवसांची मुदत असते. निर्णयाची सूचना हिवाळ्यात आली, तर दावेदार बहुधा घरी नसतो. तो कोयता घेऊन बारडोलीकडच्या कोणत्या तरी पडावावर, पाचटाच्या खोपीत असतो. तो पडाव कोठे आहे हे मुकादमास ठाऊक असते, आणि नाताळात तेथे जाऊन उपासना घेणाऱ्या प्रचारकासही. त्याने जाताना तो कागद बरोबर न्यावा.